लेब्रिखाच्या स्टेशनवर माय उतरली

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या शाळेत मी इतिहास शिकवते. एका जुन्या पुस्तकात कोर्दोबा शहरातल्या जुन्या मशिदीचा फोटो सापडला होता. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, एकामागे एक, संपतच नाहीत अशा. तेव्हापासून स्पेनच्या दक्षिणेकडचा हा आंदालुसिया प्रदेश डोक्यात बसला होता. सात-आठशे वर्षं अरबांचं राज्य, मग ख्रिस्ती राजांचं, आणि दोघांच्याही खुणा एकाच भिंतीवर. यंदा दसऱ्याच्या सुट्टीला रजा जोडली आणि ठरवलं, जायचंच. एकटीनं.

आमच्या गावी, तिगावला, मायला सांगायला गेले. वडील गेल्यापासून दोन वर्षं ती घराबाहेर पडतच नव्हती. सहज म्हटलं, "चालतं का संगं?" ती भांडी घासत होती. मान वर न करता तिनं होकार दिला, "हाव."

व्हिसासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. मायचे ठसे मशीन घेईना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. पाचव्या वेळी जमलं. घरात म्हातारं माणूस असेल तर तिथे वेळ हातात ठेवून जा.

नागपूरहून मुंबई, मधे एक विमान बदलून माद्रिद, आणि तिथून वेगवान रेल्वेनं अडीच तासांत आंदालुसियातलं मोठं शहर सेव्हिया. आम्ही नदीपलीकडे त्रियाना भागात एका साध्या लॉजवर उतरलो. एकेकाळी ही कुंभारांची वस्ती होती. अजूनही दुकानांच्या पाट्या, बाकं, जिने, सगळं रंगीत फरश्यांनी मढवलेलं. जेवणाचं मात्र सांभाळा. दुपारी दोनच्या आधी आणि रात्री साडेआठच्या आधी हॉटेलांचं स्वयंपाकघर उघडतच नाही. सकाळी भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्हचं तेल. पालक आणि छोले एकत्र शिजवलेली एक भाजी मिळते, ती मायला आवडली. त्यावर तिनं घरून आणलेला ठेचा घातला. वाढणाऱ्या बाईनं विचारलं म्हणून तिलाही चाखवला. ती बाई हसत हसत पाणी प्यायला पळाली.

अल्काझार या राजवाड्याची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा, नाहीतर उन्हात तासभर उभे राहाल. आम्ही काढली होती. पण माय पहिल्याच अंगणात कारंज्यापाशी बसली. "तू पाहून ये. मी अथीच आहो."

दुसऱ्या दिवशी कोर्दोबा. रेल्वेनं पाऊण तास. ज्या कमानींसाठी मी इतक्या लांब आले, त्या समोर होत्या, आणि फोटोपेक्षा कितीतरी मोठ्या. आत अंधार, थंडावा, खांबांचं जंगल. त्याच्या मधोमध ख्रिस्ती राजांनी नंतर बांधलेलं चर्च. माय पाच मिनिटांत बाहेर, संत्र्याच्या झाडांच्या अंगणात जाऊन बसली. माझा पारा चढला.

"इतक्या दूर आलो आन् तू बसूनच राहिली! पाह्यचं नव्हतं तं आली कायले?"

"तू एकटी जाणार होती म्हणून आली," ती म्हणाली. "मले का पाह्यचं आहे? मले तू परत आलेली पाह्यची होती."

मी सेहेचाळीस वर्षांची, एकटीनं संसार करणारी बाई. मला राग आला आणि रडूही आलं. उरलेला दिवस आम्ही जुन्या गल्ल्यांमधून न बोलता हिंडलो. पांढऱ्या भिंतींवर निळ्या कुंड्या, कुंड्यांत लाल फुलं. फोटो छान आले आहेत. एकाही फोटोत आम्ही दोघी एकत्र नाही.

तिसऱ्या दिवशी समुद्र बघायला काडिजला निघालो. सेव्हियाहून साधी गाडी जाते, छोट्या छोट्या गावांना थांबत. उत्रेरा सोडल्यावर सपाट रान सुरू झालं. माय खिडकीला नाक लावून बसली होती. मी बाथरूमला गेले. गाडी कुठेतरी थांबली, दोनेक मिनिटांत सुटली. परत आले तर सीट रिकामी. खिडकीतून पाहिलं, तर प्लॅटफॉर्मवर हिरवं लुगडं. माय उभी होती आणि गाडी पुढे चालली होती.

तिचा पासपोर्ट माझ्याकडे. फोन माझ्याच पर्समध्ये. तिला मराठी आणि बाजारापुरती हिंदी सोडून दुसरी भाषा येत नाही. मी तिकीट तपासणाऱ्या बाईचा हात धरून नुसतं "ममा, ममा" करत राहिले. तिनं स्टेशनचं नाव सांगितलं, लेब्रिखा. तिथे फोनही लावला, कुणी उचलला नाही. पुढच्या खेरेस स्टेशनला उतरून मी टॅक्सी केली. अर्ध्या तासाच्या रस्त्यात काय काय मनात आलं ते इथे लिहीत नाही. पण एक लिहिते. काल आपण तिच्याशी नीट बोललो नाही, हेच पुन्हा पुन्हा येत होतं.

प्लॅटफॉर्म रिकामा. टॅक्सीवाल्यानं समोरच्या कॉफीच्या दुकानात विचारलं. दुकानदारानं रस्त्याकडे हात केला. थोडं पुढे गेलो आणि मी ओरडले, "थांबवा!"

कापसाचं वावर होतं. मशीननं कापूस काढून नेलेला, पण धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या कडेच्या ओळी तशाच पांढऱ्याफटक राहिलेल्या. त्यात माय उभी. पदराची ओटी बांधलेली आणि दोन्ही हात चाललेले. शेजारी पालथ्या क्रेटवर एक म्हातारी बसली होती, मांडीत कापसाचा ढीग घेऊन.

"माय! काऊन उतरली तू?"

"ओरडू नको, ते बाई घाबरन," माय म्हणाली. "गाडी थांबली तं म्हटलं कापूस जवळून पाहू. तिगावले उतरतो तशी उतरली. मंग दार बंद झालं." मग पऱ्हाटीच्या झाडांकडे बोट दाखवून म्हणाली, "पाह्य ना, एवढा कापूस सोडून देला यांनी!"

मी तिला मिठी मारली. ती अवघडून गेली. आमच्यात तशी रीत नाही.

म्हातारीचं नाव अंतोनिया. वावर तिच्या पुतण्याचं. मोबाइलच्या भाषांतरावर तिनं सांगितलं की नऊ वर्षांची असताना ती आईबरोबर वेचणीला जायची. कमरेला पोतं बांधून, पहाटेपासून. मशिनी आल्या आणि ते काम गेलं. तिनं कमरेवर हात ठेवून तोंड वाकडं केलं.

"इची बी कंबर गेली," माय म्हणाली. तिला भाषांतराची गरज पडली नाही.

अंतोनियानं आम्हाला घरी जेवायला नेलं. छोल्यांची भाजीपाला घातलेली गरम आमटी आणि पाव. मायनं हातानं कुस्करून खाल्लं. अंतोनियानंही चमचा बाजूला ठेवला. जेवता जेवता तिनं फोनमध्ये विचारलं, "तुमची मुलगी पण कापूस वेचायची का?"

"नाही!" माय एकदम ताठ बसली. "तिले म्या वावरात पाय नाही ठेवू देला. पुस्तक धर म्हटलं. तिले कापसातलं काहीच समजत नाही."

हे तिनं अशा थाटात सांगितलं, जणू माझं बक्षीसच दाखवतेय.

अंतोनिया ऐकून जोरात हसली. "माझ्याही मुलीला नाही येत. ती नर्स आहे." आणि माय हसली. तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं. वडील गेल्यानंतर तो आवाज मी ऐकला नव्हता.

काडिज राहिलं. संध्याकाळच्या गाडीनं सेव्हियाला परतलो. लेब्रिखाला बघण्यासारखं म्हणाल तर एक जुनं चर्च आहे, पांढरी घरं आहेत, टेकडीवरून दिसणारी रानं आहेत. मी यातलं काहीच नीट पाहिलं नाही. तरी कुणी विचारलं तर आधी तेच नाव सांगते.

आता घरी येऊन महिना झाला. शेजारणी मायला "जय भीम" करून विचारतात, "काय पाह्यलं वो तिकडं?" ती सांगते, "मानसं चांगली हायेत." वयस्क आईवडिलांना न्यायचं असेल तर एक सांगते. दिवसाला एकच जागा ठरवा. आणि त्यांच्या गळ्यात पत्ता लिहिलेलं कार्ड अडकवा, हे मी अनुभवानं सांगते.

गेल्या रविवारी तिगावला गेले होते. मायला म्हटलं, "मले वेचाले शिकव."

"कायले?"

"असंच."

तिनं एक जुनं लुगडं काढून दिलं आणि शेजाऱ्यांच्या वावरात घेऊन गेली. तीन बोटं बोंडात कशी घालायची, टोकं न टोचता कापूस कसा ओढायचा, ते दाखवलं. दुपारपर्यंत माझी बोटं ओरबाडून निघाली होती आणि ओटीत मूठ-दोन मुठींपेक्षा जास्त काही नव्हतं. जे होतं त्यातही वाळलेली पानंच भरलेली.

मायनं डोकावून पाहिलं. "असा कापूस कोणी घेत नाही बाई," म्हणाली. मग बांधावर बसली, माझा कापूस आपल्या ओटीत ओतून घेतला आणि त्यातला कचरा एकेक करून निवडू लागली.