पऱ्हाटीच्या धुराची सकाळ

सुटीला आर्णीला आले की पऱ्हाटीच्या धुरानंच जाग येते. कापूस वेचून झाल्यावर उरलेली ही वाळकी झाडं आमच्याकडे चुलीत जातात. आज तो वास नाकात शिरला आणि मी थेट टीव्हीच्या स्टुडिओतल्या, निवेदिका म्हणून माझ्या पहिल्या सकाळी पोचले.

कार्यक्रम लाइव्ह होता. कपाळावर दिव्यांची धग आणि समोरच्या पडद्यावरची वाक्यं अचानक गायब! काय बोलू? मला घरची चूल आठवली. कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "आत्ता आमच्या आर्णीत आई धुरात डोळे चोळत चहा ठेवत असेल. आज तिला टीव्हीपुढे बसू द्या. चहा दुसऱ्या कुणीतरी करा."

कार्यक्रम संपला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला जग जिंकल्यासारखं वाटलं. तेवढ्यात आईचा फोन आला. "माय व, तुह्या बाबानं चहा केला! साखर टाकाले इसरले, तरी मी दोन कप पेली."

तेव्हा मी नुसती हसले होते. आज खिडकीतून बघते, तर आई खाटेवर पाय पसरून मोबाइलवर माझाच जुना कार्यक्रम लावून बसलीय आणि चुलीपुढे खोकत, डोळे पुसत बाबा विचारतायत, "साखर किती टाकू व?"