एकोणपन्नासाव्या वर्षी पहिली मुलाखत

पप्पांनी आयुष्यात कधी मुलाखत दिली नव्हती. खटाव तालुक्यातलं गाव सोडून ते बोईसरला आले तेव्हा बावीस वर्षांचे होते. गावातले एक जण तारापूरच्या एमआयडीसीत कामाला होते, ते त्यांना कापड रंगवायच्या एका कारखान्यात घेऊन गेले. फोरमनने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि उद्यापासून ये म्हणाला. तिथे हेल्परचे ते बॉयलर अटेंडंट झाले. सरकारी परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवलं आणि पुढे बॉयलर सोडून दुसरीकडे कधी गेले नाहीत. सत्तावीस वर्षांनी, दिवाळी झाल्यावर, मालकाने कारखाना बंद केला आणि मशिनरी गुजरातेत हलवली.

पहिला महिना पप्पांनी घरातले सगळे गळके नळ, सैल बिजागऱ्या आणि आईचं शिलाई मशीन दुरुस्त करण्यात घालवला. मग दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. सकाळी आंघोळ करून, केस विंचरून ते खुर्चीत बसायचे आणि मी पालघरला लॅबमध्ये कामाला निघाले की मला विचारायचे, डबा घेतलास ना? इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता, कारण मी निघायचे तेव्हा ते ड्युटीवर असायचे.

जानेवारीत एका कंपनीतून मुलाखतीला बोलावणं आलं. मी तोवर सहा मुलाखती देऊन बसलेली, त्यामुळे तयारीचा कारभार मीच हातात घेतला. लॅबच्या प्रिंटरवर वीस प्रश्न छापून आणले आणि संध्याकाळी पप्पांच्या समोर बसले. पहिला प्रश्न होता, तुमच्याबद्दल थोडं सांगा. पप्पांना हसू आलं. मी कोण ते तुला माहीत नाही का, म्हणाले. मी म्हटलं, असं समजा की मी साहेब आहे. ते आणखीनच हसले. शेवटी कसंबसं म्हणाले, "माझ्याबद्दल काय सांगायचं, बॉयलर चालवतो."

म्हणून मी त्यांना अर्धं पान उत्तर लिहून दिलं. त्यात मेहनती, जबाबदार, सर्वांशी मिळून मिसळून वागणारा असं सगळं होतं. दाढी करताना ते पाठ म्हणायचे. आई स्वयंपाकघरातून म्हणाली की हे लग्नाच्या बायोडेटासारखं वाटतंय. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

ती मुलाखत माझ्याच वयाच्या एका मुलीने घेतली. पप्पांनी अर्धं पान न चुकता म्हणून दाखवलं. मग तिने विचारलं की पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता. हा प्रश्न माझ्या वीसांत नव्हता. पप्पा म्हणाले, चौपन्न वर्षांचा असेन. ती हसली, काहीतरी लिहून घेतलं आणि कळवतो म्हणाली. घरी येऊन पप्पांनी हे सांगितलं तेव्हा आम्हीही हसलो, पण आठ दिवस झाले, पंधरा झाले, फोन काही आला नाही. माझे छापील कागद पप्पांनी घडी घालून फ्रिजवर ठेवून दिले. मला स्वतःचाच राग आला. सत्तावीस वर्षं काम केलेल्या माणसाला मी कोणा दुसऱ्याचीच वाक्यं पाठ करून पाठवलं होतं.

दुसऱ्या एका कारखान्यातून बोलावणं आलं तेव्हा दहा दिवस हातात होते. मी तयारीचं नाव काढलं की पप्पा विषय बदलायचे.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक मावशी राहतात. मूळच्या सातपाटीच्या. तिथल्या एका मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात त्यांनी आयुष्य काढलं, बर्फाच्या कारखान्यावर माणसं घ्यायची असली की टेबलामागे त्याच असायच्या. निवृत्त झाल्यावर मुलाकडे बोईसरला आल्या. जिन्यात भेटल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी चष्मा लावून सरळ आमच्या घरी आल्या. टेबल भिंतीपासून पुढे ओढायला लावलं. एका बाजूला स्वतः बसल्या, समोर पप्पांना बसवलं आणि मला उठवलं.

"तू समोर बसलीस तर तो बाप हाय," मला म्हणाल्या. "मी बसले तर उमेदवार. जा, आईला मदत कर."

मी आणि आई स्वयंपाकघरात जाऊन ऐकत उभ्या राहिलो. मावशींनी आधी पूर्ण नाव विचारलं, जसं काही त्यांना ते माहीतच नव्हतं. पप्पा हसले नाहीत. मग त्यांनी विचारलं की जुनी जागा का सोडली.

मी डोकावून बघितलं. पप्पा टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या कापडावर अंगठ्याने रेघा ओढत होते. शेवटी म्हणाले, "सोडली नाही, मावशी. कंपनी बंद झाली."

"मंग खाली का बगता?" मावशी म्हणाल्या. "कंपनी तुमी बंद केली काय?"

पप्पांनी मान हलवून नाही म्हटलं. मावशींनी जुनी जागा का सोडली हे पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. चौथ्या वेळी पप्पांनी त्यांच्याकडे बघून, साध्या आवाजात उत्तर दिलं. तेव्हा मला समजलं की इतके दिवस त्यांना प्रश्नांची भीती नव्हती. कारखाना बंद पडला याची त्यांना लाज वाटत होती, आणि ते आम्हा दोघींच्या लक्षातही आलं नव्हतं.

पुढे मावशींनी विचारलं की कधी साहेबांशी वाद झाला का, ठपका आला का. पप्पा म्हणाले, एकदा मेमो मिळाला होता. आईने माझ्याकडे बघितलं. आम्हाला दोघींनाही हे नवीन होतं.

बॉयलरला एक काच असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. एका सकाळी पप्पा ड्युटीवर आले आणि काच साफ करून बघितली तरी पाणी दिसेना. म्हणजे पाणी फार खाली गेलेलं. सुपरवायझरला घाई होती, कापडाचा मोठा लॉट मशीनमध्ये होता, वाफ हवी होती. तो म्हणाला, पंप चालू करून पाणी भर. पप्पांनी पंपाला हात लावला नाही. त्यांनी बर्नर बंद केला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. बॉयलर थंड व्हायला अख्खी शिफ्ट गेली, लॉट खराब झाला आणि न विचारता काम थांबवल्याचा मेमो त्यांना मिळाला.

"पण पाणी का नाय भरलं?" मावशींनी विचारलं.

"आतलं लोखंड तापून लाल झालेलं असतं, मावशी. त्यावर गार पाणी पडलं तर बॉयलर फुटतो. आठ माणसं होती शेडमध्ये."

आई हळूच म्हणाली, "त्या दिवशी घरी येऊन जेवले नव्हते. पोट दुखतंय म्हणाले. मी ओवा दिला."

मावशींनी चष्मा काढला. ही गोष्ट तिथे जाऊन अशीच सांगायची, म्हणाल्या, आणि पोरीने लिहिलेलं काही सांगायचं नाही. मला थोडं लागलं, पण त्या खरं तेच सांगत होत्या. त्या दहा दिवसांत त्या आणखी तीन संध्याकाळी वर आल्या. एकदा येताना सुके बोंबीलही घेऊन आल्या आणि प्रश्न संपल्यावर आईला त्यांची चटणी कशी करायची ते शिकवून गेल्या. मी सर्टिफिकेटांची फाइल लावली, निळ्या शर्टाला इस्त्री केली. तेवढंच माझ्या वाट्याला उरलं होतं, आणि ते मी मन लावून केलं.

मुलाखतीच्या दिवशी पप्पा एकटा जातो म्हणाले. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि शेअर रिक्षात त्यांच्या शेजारी जाऊन बसले. गेटसमोरच्या टपरीवर मी तीन चहा प्यायले. दीड तासाने ते बाहेर आले. चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं. रस्ता ओलांडून आले, चहा मागवला आणि मग सांगायला लागले.

आत तिघे होते, बोलणं सगळं हिंदीत. फाइल कोणी उघडलीसुद्धा नाही. त्यातल्या वयस्क इंजिनिअरने विचारलं, काचेत पाणी दिसत नसेल तर काय कराल. पप्पा म्हणाले, आधी काच साफ करून खात्री करीन, मग बर्नर बंद करीन, पाणी भरणार नाही. असं कधी केलंय का, त्याने विचारलं. पप्पांनी सकाळची वेळ, लॉट, सुपरवायझर, सगळं सांगितलं. मेमो मिळाला तेही सांगितलं. इंजिनिअरने शेजारच्याकडे बघितलं. तो शेजारचा म्हणाला की वय जरा जास्त आहे. मग जुनी नोकरी का सोडली, हा प्रश्न आलाच.

"मान खाली घातली नाही," पप्पा मला म्हणाले. "मावशींना सांग."

चार दिवसांनी फोन आला. वैद्यकीय तपासणीला या, आधी सहा महिने कंत्राटावर, काम बघून पुढचं ठरवू. पप्पांनी होकार दिला. फोन ठेवल्यावर ते आईला म्हणाले की सहा महिन्यांत त्या बॉयलरचा स्वभाव कळेल. सहा महिन्यांनी काय, हा विचार त्यांच्या मनात आला असेलच, पण तो त्यांनी बोलून दाखवला नाही आणि आम्हीही तो विषय काढला नाही.

तपासणी पार पडली आणि सोमवारी पहिल्या शिफ्टला ते साडेपाचलाच सायकल घेऊन निघाले. दुपारी घरी आले ते बोलतच आले. नवीन बॉयलर गॅसवर चालतो, सगळं पडद्यावर दिसतं, शिकवणारा मुलगा यूपीचा आहे आणि चांगला आहे. आई पोळ्या लाटत ऐकत होती, मधे मधे विचारत होती. आता तिलाही पंप, बर्नर आणि व्हॉल्व्ह यांतला फरक कळतो.

कारखाना बंद झाला तेव्हा पप्पांच्या बरोबरचे आणखी कितीतरी लोक घरी बसले होते. बातमी त्यांच्यापर्यंत गेली. गेल्या रविवारी त्यांच्यातले एक जण वाणगावहून आले. पंचेचाळिशीचे असतील, मावशींकडून मुलाखतीची तयारी करून घ्यायला सर्टिफिकेट पिशवीत घालून आणलेलं. मावशी त्या दिवशी सातपाटीला गेल्या होत्या. ते परत निघाले तेव्हा पप्पांनी त्यांना थांबवलं, टेबल पुढे ओढलं आणि स्वतः मावशींच्या जागी बसले. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर पप्पा त्यांना पूर्ण नाव विचारत होते. ते लाजून हसले. पप्पा हसले नाहीत, त्यांचं हसून होईपर्यंत थांबले आणि मग पुन्हा विचारलं.