रशियाची जाकिटं

सोव्हिएत युनियन कोसळल्याची बातमी आमच्या घरी पेपरातून आली, पण खरी वाटली ती आईच्या शेठमुळे. "बेन, रशिया खलास! अब माल किसको भेजूं?" असं म्हणून तो डोक्याला हात लावून बसला होता म्हणे.

आई मीरा रोडला हाटकेशच्या एका गाळ्यात सुपरवायझर होती. चाळीसेक बायका तिथे रशियासाठी जाकिटं शिवायच्या. वर जाड कापड, आत गच्च कापूस. मीरा रोडच्या उकाड्यात घामाघूम होऊन बर्फातल्या माणसांचे कपडे शिवायचे, कमालच होती! आईने बर्फ पाहिला तो रसवंतीत. पण काय तिचा धाक! प्रत्येक जाकीट स्वतः अंगात घालून हात वर करणार, खाली वाकणार. कुठे शिवण उसवली, की ती बाई परत मशीनवर. "तिकडे थंडीने माणूस मरतं गं," असं सांगायची, जणू मॉस्कोत तिचं माहेर होतं.

आता तीच जाकिटं गाळ्यात छतापर्यंत रचून पडली. शेठने सांगितलं, महिनाभरात इथे खपली तर गाळा चालू, नाहीतर कुलूप. मीरा रोडला जाकीट कोण घेणार, कपाळ! पण महिना संपत आला तेव्हा आईला उत्तनजवळच्या पालीचे कोळी आठवले. ऐन थंडीत पहाटे समुद्रावर जाणारी माणसं. दोन गाठोडी घेऊन आम्ही मायलेकी उत्तनच्या बसमध्ये बसलो. मी तेव्हा दहावीत होते आणि भलतीच तोंडाळ.

बंदरावर एका तरुण खलाशाने जाकीट घातलं ते काढेचना. "चार बोटींवरच्या सगल्यांना घेतो," म्हणाला. मी मनातल्या मनात नाचलेच. तेवढ्यात त्याची आई आली. तिने दुसरं एक जाकीट चाचपलं, मासे धुवायच्या टबात बुडवलं आणि म्हणाली, "उचल बगू." माझ्या आईला ते दोन्ही हातांनी नीट उचलवेना.

"ह्यो घालून पान्यात परला, तं वर येल काय?"

"परतंय कोन?" पोरगा हसला. बाकीचेही घ्यायला तयारच होते. पण माझी आई पुढे झाली. बटणं सोडून तिने स्वतः त्याच्या अंगातलं जाकीट काढून घेतलं. "नको रे बाबा. चुकलं माझं," म्हणाली आणि गाठोडी बांधायला बसली.

बसस्टॉपवर माझं डोकं फिरलं. "हौसेने घेत होते ना? लाखात एखादा पडतो समुद्रात!"

तिने सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच. तेव्हा मला तिचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, अख्खी महासत्ता पडली त्या दिवसांत मी एक बाई ताठ उभी राहिलेली पाहिली.

दुसऱ्या दिवशी शेठने काही सांगायच्या आत तिने मशीनी थांबवल्या.

"बायांनो, गिऱ्हाईक मिळालं होतं," ती म्हणाली. "मीच दिलं नाही." आणि का दिलं नाही तेही सांगितलं.

मग पेणकरपाड्याची एक बाई उठली. तिचं घर त्या एका मशीनवर चालायचं. "बरं केलंत ताई," म्हणाली, आणि मशीनवर कापड टाकून घरी गेली.