भिंतीतला कापूस

अकोल्याहून अकोट रोडला लागलं की डाव्या हाताला एक पत्र्याची शेड आहे. शेडसमोर फायबरच्या पाण्याच्या टाक्या, कूलरच्या बॉड्या आणि बसगाड्यांची तोंडं उघड्यावर पडलेली असतात. त्या पसाऱ्याच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर नत्थुजी गावंडे बसलेले असतात. येणाऱ्याजाणाऱ्याकडे ते असं बघतात, की त्यानं नुकतंच त्यांना काहीतरी नासकं विकलं आहे. बोर्डावर 'फायबरची सर्व कामे' असं लिहिलेलं आहे. त्या सर्व कामांत नावं ठेवणं हेही एक काम येतं, असं शेजारचा रेडिएटरवाला शेखर म्हणतो. नत्थुजींच्या मते शेखरला रेडिएटरमधलंसुद्धा काही कळत नाही.

एकसष्ट वर्षांत नत्थुजींनी दुसऱ्याच्या कामाला चांगलं म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. पुट्टी थापून वर रंग मारणारे ते सगळे पावडरवाले. यूट्यूब बघून शिकलेले ते मोबाईल मिस्त्री. नागपूरचा माल कचरा आणि पुण्याचा माल म्हणजे रंगवलेला कचरा. मेव्हण्यानं नवं घर बांधलं, वास्तुशांतीला हे गेले, पोटभर जेवले आणि निघताना न्हाणीघराच्या फायबरच्या दरवाजावर बोटानं ठोकून म्हणाले, "दोन पावसाळे." बस, एवढंच. त्यांच्या बायकोचं, म्हणजे दुर्गाबाईंचं माहेर तेव्हापासून जरा तुटक वागतं. संतापाची गोष्ट ही, की दरवाजा बरोबर दुसऱ्या पावसाळ्यात गेला. हा माणूस बहुतेक वेळा खरा ठरतो, आणि खऱ्या ठरणाऱ्या तुसड्या माणसाइतका ताप दुसरा नाही.

या सगळ्यातून एकच माणूस सुटला होता. अमरावतीचे मोतीराम वस्ताद. एकोणिसाव्या वर्षी नत्थुजी त्यांच्याकडे कामाला लागले आणि अकरा वर्षं राहिले. त्या अकरा वर्षांत वस्तादांनी त्यांना एकदाही शाबासकी दिली नाही. केलेला नग हातात घ्यायचा, उलटासुलटा बघायचा आणि "फोड" म्हणायचं. नत्थू हातोडीनं फोडायचा आणि पुन्हा करायला बसायचा. वस्ताद सांगायचे, "खराबाले खराब म्हनाव, तोंडावर म्हनाव. गोड बोलून मिस्त्री मरते." आता वस्ताद ब्याऐंशीचे झालेत. एका डोळ्यानं दिसत नाही, हात थरथरतात, काम सुटून दहा वर्षं झाली. पण नत्थुजी दर दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन अमरावतीला जातात आणि पोरासारखे खाली बसतात. जगाचं मन राखायची त्यांना कधीच पडली नव्हती. वस्तादांचं मात्र राखायचं होतं.

तर या वर्षी एप्रिलच्या शेवटी शेडसमोर एक गाडी येऊन थांबली. मिनीबसच्या चासीवर बांधलेलं चालतं-फिरतं घर. आत पलंग, ओटा, बेसिन, इवलंसं संडास. मालक ओमप्रकाश सर. अमरावतीच्या राजापेठेत त्यांचा गणिताचा क्लास आहे. आता राजापेठेत दर दुसऱ्या जिन्यावर एक क्लास आहे, तेव्हा त्यात विशेष काही नाही. विशेष हे, की जन्मभर पोरांना उत्तर ताळा करून बघा म्हणून सांगणाऱ्या या माणसानं चोवीस वर्षं जुनी गाडी मोबाईलवर फोटो बघून घेतली होती. मागच्या भिंतीच्या उजव्या कोपऱ्याला वीतभर तडा होता आणि फोटोत तिथे नेमकी झेंडूची माळ होती.

"आईला समुद्र दाखवायचा आहे," सर म्हणाले. "चाळीस वर्षं तिनं बाजारात फुलं विकली, अकोल्याच्या पुढे कधी गेली नाही. पंधरा दिवसांनी निघायचंय. अमरावतीचा योगेश म्हणतो, दोन तासांचं काम आहे, पुट्टी मारून देतो."

"मंग इकडं काहून आले?"

"सगळे म्हणाले, नत्थुजींना दाखवा."

"मायचा पलंग कोनत्या भिंतीले हाये?"

"याच की. उशी बरोबर या कोपऱ्यात येते."

"योगेशले म्हना, त्याच्या मायले झोपव इथं," नत्थुजी म्हणाले आणि उठले.

त्यांनी बोटाच्या पेरानं भिंत वाजवत नेली. चांगलं फायबर खणखणीत बोलतं. कोपऱ्याजवळ आल्यावर आवाज बसला, उशीवर मारल्यासारखा. नत्थुजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. दुसऱ्याची चूक सापडली की त्यांना जेवल्यासारखं होतं.

ग्राइंडर लावला. वर रंगाचे चार थर, त्याखाली बोटभर जाडीची पुट्टी, त्याखाली फायबरची एक पातळ पापडी. पापडी उचकटली आणि आतून काळं, ओलं, कुबट काहीतरी लोंबायला लागलं. नत्थुजींनी ते चिमटीत धरून ओढलं, उन्हात नेऊन बोटांनी फोडलं. आत सरकी होती. भिंतीत चक्क सरकीसकट कापूस भरलेला होता! पलंगाचे दोन्ही ब्रॅकेट त्या कापसात रोवलेले होते.

मग काय विचारता. नत्थुजींनी शेखरला हाक मारली, समोरच्या चहावाल्याला बोलावलं, रस्त्यानं चाललेल्या दोघा मोटारसायकलवाल्यांनाही थांबवलं. सरांनी मोबाईल काढला. फळ्यासमोर उभं राहून स्वतःचे व्हिडिओ काढायची त्यांना सवयच आहे. नत्थुजी मुठीत कापूस धरून मोबाईलसमोर उभे राहिले आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"पाहा बाप्पा! भिंत हाये का गादी हाये हे? ज्यानं केलं त्या गाढवाले मिस्त्री म्हनू नका. त्याले गोधड्या शिवाले बसवा. अरे, सरकी तं काढून घेतली असती! पेरून ठेवली का भिंतीत?"

लोक पोट धरून हसले. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ खामगावपासून वर्ध्यापर्यंतच्या सगळ्या फायबरवाल्यांच्या ग्रुपवर फिरला. नत्थुजी त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. नंबर वस्तादांच्या नातीचा, प्रतीक्षाचा. बोलले मात्र वस्ताद.

"नत्थू, थे माह्या हातचं हाये."

नत्थुजींना आधी समजलंच नाही. "काय हाये वस्ताद?"

"थे भिंत. गाडी अकोटले जिनिंगमधी खांबाले ठोकली होती. तू तवा अकोल्याले गेला होता. मालकाले सकाळी तिरुपतीले निघाचं होतं. फायबरची मॅट संपली. चहूकडं कापूसच कापूस. मले वाटलं, कापूस रेझिन पिईन अन् गोटा होईन. वरून झाला बी. आत कोरडाच राह्यला असन. आता समजलं."

चूक तशी कळण्यासारखी होती. कापसाच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला कापूस दगा देईल असं कसं वाटावं? दिव्याला वाती, जखमेला बोळा, कानाला बोळा, सगळीकडे कापूसच कामाला येतो. पण असा समजूतदारपणा नत्थुजींनी आजवर कुणाला दाखवला नव्हता, आणि ज्याला दाखवायची वेळ आली त्याला ते साऱ्या वऱ्हाडासमोर गाढव म्हणून बसले होते.

"मी येतो चार दिवसांनी," वस्ताद म्हणाले. "भिंत पायतो." आणि फोन ठेवला.

ते चार दिवस नत्थुजींना खायला उठले. आधी त्यांनी सरांना व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. सर म्हणाले, आता तो माझ्या हातात राहिला नाही, आणि वर विचारलं, "लोक नाव विचारतायत हो. कुणाचं काम ते? कळलं का?" नत्थुजी म्हणाले, "गनित शिकवा तुमी." मग त्यांना वाटलं, दुसरा व्हिडिओ करावा, त्या काळी माल मिळत नव्हता, कापूस भरायची तशी पद्धतच होती, असं सांगावं. हे दुर्गाबाईंना बोलून दाखवलं तेव्हा त्या पोळी लाटता लाटता थांबल्या.

"तुमाले लबाड बोलता तरी येते का?" त्या म्हणाल्या. "सवय नाई. पकडले जासान."

काम मात्र सुरू होतं, आणि काम करताना हा माणूस दुसराच असतो. त्यांनी कुजका भाग पार मागेपर्यंत खरवडला, खणखणीत आवाज लागेपर्यंत. दोन दिवस भिंत उघडी ठेवून कडकडीत उन्हात वाळवली. ब्रॅकेटसाठी आतून नवी फळी बसवली. सकाळी आठच्या आत, फायबर जोडणारं रेझिन भांड्यातच आवळून घट्ट व्हायच्या आधी, काचेच्या धाग्यांच्या मॅटचे एकावर एक थर दिले. कडा चारही बाजूंनी तासून उतरत्या केल्या. वरचा शेवटचा थर तेवढा राहिला होता.

चौथ्या दिवशी सकाळच्या बसनं वस्ताद आले. प्रतीक्षानं हात धरून त्यांना शेडमध्ये आणलं. नत्थुजी वाकून पाया पडले आणि वाकलेलेच राहिले.

"वस्ताद, मले मालूम नव्हतं."

"मालूम असतं तं?" वस्ताद म्हणाले. वस्ताद भिंतीपाशी गेले, डोळा अगदी जवळ नेऊन तळहात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आखरीचा थर मी देतो."

नत्थुजींनी मॅट कापून दिली, रेझिनमध्ये ते आवळवणारं हार्डनर मोजून घातलं, ब्रश हातात दिला. वस्तादांचा हात थरथरत होता. मॅट एका बाजूला ओढली गेली, कोपऱ्यात घडी पडली, रेझिन ओघळून खाली ठिबकलं आणि मधोमध हवेचे चांगले बोराएवढे फुगे राहिले. योगेशनं असं केलं असतं तर नत्थुजींनी त्याला ब्रशसकट शेडबाहेर काढलं असतं. आता ते खाली ठिबकलेलं रेझिन चिंधीनं पुसत राहिले. दोनच्या बसनं हे दोघं गेले की ग्राइंडर लावू, असं त्यांनी मनात ठरवलं.

वस्तादांनी ब्रश खाली घेतला. "कसं झालं?"

"चांगलं झालं, वस्ताद," नत्थुजी म्हणाले. "मस्त झालं."

रेडिएटर झाळत बसलेल्या शेखरनं मान वर केली. बावीस वर्षांच्या शेजारात त्यानं हा शब्द त्या तोंडून कधी ऐकला नव्हता. प्रतीक्षा खूश होऊन हसली. वस्ताद हसले नाहीत.

"मस्त?"

"हौ."

"नत्थू, एक डोळा गेला माहा. हात नाई गेला. माह्या बोटाले लागून राह्यले फुगे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तू व्हिडिओत मले गाढव म्हनला. मी दोनदा आयकलं. नात रडाले लागली, मी म्हनलं, काहून रडतं? बरोबर बोलून राह्यला थो. मिस्त्री मिस्त्रीले बोलते तसं बोलून राह्यला. त्याच्यासाठी तं आलो मी बसनं हाडं मोडत. अन् तू मले मस्त म्हनतं? त्या पावडरवाल्याले तू कदी मस्त म्हनला नाई. मंग मी त्याच्याहून बी खाली गेलो का रे?"

शेखर पुन्हा रेडिएटरकडे बघायला लागला. प्रतीक्षाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. भिंतीवरचं रेझिन आता चिकट व्हायला लागलं होतं. आणखी पाच मिनिटांत ते आवळलं असतं. नत्थुजींना लाज वाटली. व्हिडिओची वाटली होती त्यापेक्षा ही फार वाईट होती. ज्या माणसानं अकरा वर्षं एकही गोड शब्द न बोलता त्यांना मिस्त्री केलं, त्याच्यासमोर त्यांनी पाहुण्यापुढे ठेवावा तसा गोड शब्द ठेवला होता.

त्यांनी मॅटची कड पकडली आणि सगळा थर एका झटक्यात खसकन ओढून काढला.

"काय घान केली हे वस्ताद!" ते ओरडले. "कोपऱ्यात घडी, मधात फुगे! ब्रश दाबून माराव का गुदगुल्या कराव? अन् रेझिन का सांडून राह्यले, फुकट आलं का? एका म्हातारीचं डोकं येते या कोपऱ्यात. लाज वाटत नाई का तुमाले?" बोलता बोलता आवाज फाटला, म्हणून त्यांनी आणखी चार वाक्यं जोरात ऐकवली.

वस्तादांची पाठ ताठ झाली. "मंग उभा काहून हायेस तोंड घेऊन? दुसरी काप."

दुसरी कापली. तीही बिघडली, तिच्यावर नत्थुजींनी वस्तादांचा यथास्थित उद्धार केला. वस्तादांनी उलट नत्थुजींच्या मोजण्याला शिव्या घातल्या. म्हणाले, एवढं हार्डनर घालतात का या उन्हात, हेच शिकवलं का तुले? आणि ते खरंही होतं. तिसऱ्या वेळी हार्डनर कमी घातलं. प्रतीक्षानं मॅटची खालची कड धरली, नत्थुजींनी वरची, आणि वस्ताद मधून बाहेर हवा काढत गेले, बोटभर बोटभर, दोन्ही हातांनी ब्रश धरून.

दुपारी ओमप्रकाश सर आले. कोपरा बघितला आणि पुन्हा तेच विचारलं, "मग, कळलं का नाव?"

"मोतीराम वस्ताद, अमरावती," नत्थुजी म्हणाले. "हे बसले समोर. कापूस त्याईनंच भरला होता. आजचा थर बी त्याईनंच देला."

सर गोंधळून एकदा भिंतीकडे, एकदा म्हाताऱ्याकडे बघायला लागले. त्यांच्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. वस्ताद खुर्चीवर पुढे सरकले होते.

"मंग जमलं का या बारीले?" त्यांनी विचारलं.

"वाळू द्या," नत्थुजी म्हणाले. "सकाळी सांगतो."

वस्तादांनी मान डोलावली. प्रतीक्षाला म्हणाले, घरी फोन लाव आणि सांग, आज आम्ही येत नाही.