प्रचाराच्या गाडीतून डायलिसिसला

आमच्या ह्यांच्या किडन्या गेल्या तेव्हा मी फार घाबरले नाही, कारण भनपुरीचं डायलिसिसचं सेंटर जवळ होतं. बीरगांवहून शेअर ऑटोत बसलं की आलंच. सरकारी कार्डावर फुकट व्हायचं. एक दिवसाआड मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं, घरी येऊन थोडं खायचं आन् झोपायचं. माणसाले कशाचीही सवय होते.

मग विधानसभेत आरोग्याचा नवा कायदा आला. टीव्हीवर पाहिलं मी. एका बाजूचे बाकं वाजवून राहिले, दुसऱ्या बाजूचे घोषणा देत बाहेर निघून गेले, तेवढ्यात कायदा पास! त्यात असं होतं म्हणे, की सरकारी कार्डावर इलाज करायची परवानगी खाजगीवाल्यांनी पुन्हा नव्यानं घ्यायची. मोठ्या हॉस्पिटलांना मिळाली. आमच्या लहानशा सेंटरची अडकली, आणि तितक्यात निवडणूक लागली. तिथले डॉक्टर म्हणाले, "अम्मा, अब आचार संहिता है. रिज़ल्ट तक कुछ नहीं होगा."

आता रिझल्टपर्यंत किडनी थांबते का, तुम्हीच सांगा.

शहरातल्या सरकारी दवाखान्यात जागा मिळाली, पण सकाळच्या पहिल्या पाळीची. उशीर झाला की नंबर दुसऱ्याला. दोन ऑटो बदलून जायचं, आणि परतताना ह्यांना चक्कर. एकदा तर रस्त्याच्या कडेलाच बसले.

शेजारची भाभी विरोधी पक्षाची. म्हणाली, "दीदी, हमारी सरकार आने दो, पहले दिन ये कानून फाड़ के फेंकेंगे."

मी विचारलं, "और उसकी जगह क्या लाओगे?"

"अरे, वो बाद में देखेंगे ना!"

मग कायदेवाल्या पक्षाचा आमच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, कार्यकर्ता आला. चहा प्याला, ह्यांच्या पायाची सूज पाहिली. "अम्मा, बस मंच पे आके बोल देना कि कानून अच्छा है. बाबूजी के लिए गाड़ी मैं भेजूँगा. हर बार, दरवाज़े पे."

तो गेल्यावर हे म्हणाले, "अवं, सेंटर यायनंच बंद पाडलं, आन् गाडी बी हेच देऊन राहिले?"

"मंग काय करू? तुमाले खांद्यावर नेऊ?"

"नेशील तू. लग्न झाल्यापासून ओढूनच तर राहिली मले." हसायला गेले, आणि दम लागला. खोकताना त्यांची पाठ चोळली, तेव्हाच मी ठरवलं.

मंचावर माझ्या गळ्यात पक्षाचा पट्टा घातला. माइकसमोर म्हटलं, "कानून अच्छा है. मेरे पति का इलाज हो रहा है." दुसरं वाक्य तर खोटं नव्हतं. त्या दिवसापासून भाभीनं वाटीभर साखर मागणंही बंद केलं.

गाडी मात्र आली, सांगितल्यासारखी. सीट मऊ होती, हे डोकं टेकून जायचे. आणि माझ्या मनाची गंमत पाहा. मत या कायद्याच्या विरोधात द्यायचं, हे मी केव्हाच ठरवलेलं. आता वाटायला लागलं, गाडीवाला पक्ष हरला तर गाडी जाईल. जिंकला तर कायदा राहील. नवऱ्याचा श्वास मोजत बसलेल्या बाईनं कोणाच्या जयासाठी हात जोडायचे?

मतदान जवळ आलं तशी गाडीच्या टपावर भोंगे चढले. त्या सकाळी आम्ही बसलो, दार लागलं, आणि डोक्यावर माझाच आवाज कडाडला. "कानून अच्छा है. मेरे पति का इलाज हो रहा है." मग गाणं, मग पुन्हा मीच.

"भैया, ये बंद करो ना," मी म्हटलं.

"ऊपर से ऑर्डर है, अम्मा." असं म्हणून ड्रायव्हरनं मोठा रस्ता सोडून गाडी गल्लीत घातली.

"भैया, पहली पाली छूट जाएगी!"

"बस, दो-तीन पारा घूम लेते हैं. रास्ते में ही तो है."

गाडी माणसाच्या चालीनं चालत होती. हे म्हणाले, "उतरू का आपण?" मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. चपलेत मावत नव्हते.

"बसा," मी म्हटलं.

बाया ओट्यावर येऊन पाहू लागल्या. एकीनं मला काचेतून ओळखलं, वर भोंग्याकडे बोट दाखवलं आणि कौतुकानं हात हलवला. ह्यांचा गार हात माझ्या डाव्या मुठीत होता. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे पाहत होता. मी उजवा हात वर केला आणि त्या बाईकडे पाहून हलवला.