चलानवरची ओळ

पुरस्काराच्या निवड समितीने त्या मुलीला डावललं, आणि त्यासाठी माझा कागद वापरला.

बंगळुरूजवळ होसकोट्यात माझं लेथचं वर्कशॉप आहे. निपाणीकडून आलो तेव्हा दुसऱ्याच्या मशीनवर उभा राहायचो. आज सगळी मशीनं माझी आहेत. ती मुलगी बंगळुरूच्या एका संस्थेत पीएचडी करत होती. विषय कणत्वरक, म्हणजे इलेक्ट्रॉनला प्रचंड वेग देणारं यंत्र. त्यातला तांब्याचा एक पोकळ डबा तिला माझ्याकडून करून हवा होता. डब्यात रेडिओलहरी सोडायच्या आणि त्यांच्या धक्क्याने इलेक्ट्रॉन पुढे पळवायचे, असं तिने मला समजावलं. आतला आकार केसाएवढा चुकला तरी सूर बिघडतो म्हणाली.

तीही सीमाभागातली, घरी मराठी बोलणारी. मला वाटलं, घासाघीस सोपी जाईल. मापात जरा ढील मागितली, तर ती हलेचना. मी चिडून म्हणालो, "अक्का, आत एवढं कोण बघणार आहे?"

"इलेक्ट्रॉन बघतील, अण्णा."

डब्याच्या आतल्या वळणाचा आकार तिने स्वतः शोधून काढला होता. त्या आकाराचा डबा कमी तापतो. दीड वर्ष ती येत राहिली. आम्ही चिमूटभर तांबं काढायचं, तिने मोजायचं, चार दिवसांनी नवं ड्रॉइंग घेऊन यायचं. तांबं काढता येतं, परत लावता येत नाही, म्हणून ती मला घाई करू देत नसे. माझ्याशी भांडून सहसा कोणी जिंकत नाही. ती दर वेळी जिंकली.

डबा चालला. प्रबंध तपासणाऱ्यांनी वाखाणला, आणि तिच्या मार्गदर्शकांनी तो उत्कृष्ट संशोधनाच्या पुरस्कारासाठी पाठवला. पुरस्कार तिला मिळाला नाही. मी कारण विचारलं, तेव्हा ती जमिनीकडे बघत म्हणाली, "तुमच्या चलानवर लिहिलंय ना अण्णा, डिझाइन तुमचं."

माल पोचवताना आम्ही जे चलान देतो, त्याच्या माथ्यावर छापलंय : 'डिझाइन आणि निर्मिती, दोन्ही आमचीच'. गिऱ्हाइकावर छाप पडावी म्हणून पहिल्याच वर्षी छापून घेतलं होतं. गेटच्या बिजागरीच्या चलानवरही तीच ओळ असते. ते चलान प्रबंधाच्या शेवटी जोडलेलं होतं. समितीने तिचा जाडजूड प्रबंध बाजूला ठेवला आणि माझी जाहिरात खरी धरली.

तिची सगळी ड्रॉइंग घेऊन मी समितीच्या कार्यालयात गेलो. प्रत्येकावर तिची सही, तिच्या पेन्सिलीच्या दुरुस्त्या, वर माझ्या माणसांच्या तेलकट बोटांचे ठसे. सचिवांनी गुंडाळी सोडलीही नाही. मी आवाज चढवला. त्यांनी कन्नडमध्ये शांतपणे विचारलं, चलान तुमचंच ना, शिक्का तुमचाच ना. मी हो म्हणालो. "सरी," म्हणजे ठीक आहे, म्हणाले, आणि फाइल मिटली.

उरलेल्या चलानबुकांवरची ती ओळ मी स्वतः बसून, पानापानावर, पेनने खोडली. माझी फुशारकी होती, ती मी खोडली. पण त्या ओळीच्या बरोबर खाली माझा फोन नंबर छापलेला आहे. समितीतल्या एकाही विद्वानाने तो का लावला नाही, याचं उत्तर अध्यक्षांनी द्यावं. मला नको. तिला, आणि लेखी.