भिंतीपलीकडचे काका

आमच्या वहिनीला सगळे वायरवहिनी म्हणतात. वास्तविक तिचं सगळं आयुष्य बिनतारी जोडण्या दुरुस्त करण्यात गेलं. पण घरातली एक वायर तिनं कधी धड गुंडाळून ठेवली नाही, म्हणून दादानं हे नाव पाडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. दादा गेल्यावर दुरुस्तीचं दुकान तिनं एकटीनं चालवलं. बोलायची कमी. एखादं यंत्र हट्टाला पेटलं, की रुसलेल्या पोरासमोर बसावं तशी हाताची घडी घालून त्याच्यासमोर बसायची.

मी वृद्धाश्रमात नर्स आहे. तिथल्या वायफायची देखभाल वहिनीकडेच होती. आमच्याकडे एक लहानशी खोली आहे. दुपारी आजी-आजोबा एकेक करून तिथल्या लॅपटॉपसमोर बसतात आणि मुला-नातवंडांशी बोलतात. एका वर्षी हे बोलणं तुटायला लागलं. चित्र गोठायचं, लेकीचा आवाज अर्ध्यातच बुडायचा. सकाळी तपासावं तर सगळं ठणठणीत. शेवटी मी वहिनीला बोलावलं.

एक आजी नातीशी बोलत होत्या. वहिनीनं स्क्रीनच्या कोपऱ्यातला एक आकडा मला दाखवला.

"हा ट्रान्समिट रेट. म्हणजे लॅपटॉप हवेतून किती वेगानं पाठवतोय ते. वायरलेसला चालवणारा छोटा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर. तो हे ठरवतो. समोरच्याला ऐकू येईना की आपण सावकाश बोलतो ना, तसं."

आमच्या डोळ्यांदेखत आकडा चोपन्नवरून सहावर आला, मग एकवर. वहिनीनं ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये 'ऑटो' काढून सगळ्यात वरचा रेट पक्का केला. जोडणीच तुटली.

"ड्रायव्हर खोटं बोलत नाहीये," ती म्हणाली. "मध्ये खरंच काहीतरी येतंय."

"भिंत आहे की मध्ये."

"भिंत सकाळीही असते."

भिंतीपलीकडे चादरींची खोली. वायफायचा बॉक्स तिथेच, छातीच्या उंचीवर ठोकलेला. आम्ही दार उघडलं. दोन मांडण्यांच्या मधल्या अंधारात एक माणूस भिंतीला चिकटून उभा होता. कान भिंतीला, डोळे मिटलेले, आणि बॉक्स त्याच्या स्वेटरखाली पुरता झाकलेला. मग ओळखलं. कोपऱ्यातल्या पलंगावरचे काका. त्यांना कधी कुणाचा फोन येत नसे.

ते दचकले नाहीत. बोट ओठांवर ठेवून म्हणाले, "हळू. तिची नात गाणं म्हणतेय."

वहिनी त्यांना रागावली नाही. "काका, तुम्ही आड आलात की यंत्राला ऐकू जात नाही. थोडं इकडे सरका."

काका शहाण्या मुलासारखे वीतभर सरकले. पलीकडे गाणं स्वच्छ ऐकू यायला लागलं. त्यानंतर कधी बोलणं तुटलंच, तर मी चादरींच्या खोलीत जाऊन तेच म्हणायची, आणि काका सरकायचे.

थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला आणि त्यातच ते गेले. त्यांना शेवटचे कपडे मीच घातले.

काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी आजी नातीशी बोलत असताना आकडा पुन्हा घसरला. मी सवयीनं चादरींच्या खोलीकडे निघाले आणि दाराशी गेल्यावर मला कळलं, की दाराला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याच खिशात आहे. उघडलं. आत कुणी नव्हतं. चादरींच्या घड्या नीट होत्या.

वहिनी आली. तिनं ड्रायव्हर काढून नवा घातला, दुसरा लॅपटॉप आणला, बॉक्ससुद्धा बदलला. फरक शून्य. स्क्रीनसमोर कुणीच नसलं की आकडा वर ढिम्म उभा असायचा. कुणाच्या घरचं माणूस बोलायला लागलं, की हळूहळू उतरायचा.

"तू इथे बस," वहिनी मला म्हणाली. "आकड्यावर लक्ष ठेव." आणि ती पलीकडे गेली.

आजी बोलत होत्या. आकडा एकवर होता. मग भिंतीतून वहिनीचा आवाज आला, अगदी नेहमीचा, "काका, थोडं इकडे सरका."

सहा. चोवीस. चोपन्न.

आजींना काहीच कळलं नाही, त्या नातीला सर्दीचं औषध विचारत होत्या. वहिनी परत आली, मी आकडा सांगितला, आणि ती हाताची घडी घालून लॅपटॉपसमोर बसली.

"बॉक्स छताला लावू या का?" मी विचारलं. "तिथे आड कुणी येणार नाही."

"नको गं. त्यांना वाटेल, आपण हाकललं."

तिनं ड्रायव्हर पुन्हा उघडला. 'ऑटो' काढलं आणि या वेळी अगदी खालचा, एकचा रेट पक्का केला. सारखं वरखाली करण्याच्या गडबडीतच बोलणं तुटतं, म्हणाली. सावकाश चालेल, पण कुणी मध्ये उभं राहिलं तरी चालत राहील. चित्र थोडं धूसर झालं. आवाज मात्र त्या दिवसापासून एकदाही तुटलेला नाही.

मेट्रनबाईंनी विचारलं, "नेमकं काय बिघडलं होतं?"

"रेटचं सेटिंग," वहिनी म्हणाली. ते खोटं नव्हतंच.

जाताना तिनं चादरींच्या खोलीत, बॉक्सशेजारी, एक स्टूल ठेवलं. मेट्रनबाईंनी त्याबद्दलही विचारलं. वरच्या फळीला हात पुरत नाही, असं मी सांगून टाकलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहे.

चादरी मी आता सकाळीच काढून ठेवते. खोली झाडताना ते स्टूल उचलत नाही. त्याच्या भोवतीनं झाडते.